पेंड कोणती, हा दुसरा प्रश्न

पत्र थोडक्यात असं: "माझ्याकडे नऊ करडं आणि सहा कोकरं आहेत. सगळी साडेतीन-चार महिन्यांची, दूध तुटलेली. करडांचं वजन सरासरी बारा किलोच्या आसपास. कडबा पुढ्यात कायम असतो. वाढ दिसेना म्हणून महिन्यापूर्वी शेंगदाणा पेंड सुरू केली. डोक्यामागे शंभरेक ग्रॅम पेंड रात्री भिजवतो, सकाळी त्यात मूठभर मक्याचा भरडा घालून सगळ्यांना एकत्र टाकतो. पोटं सुटलीत, पण पाठीचा कणा अजून हाताला लागतो. दोघांच्या लेंड्या पातळ आहेत. मागच्या आठवड्यात सगळ्यांत तगडं करडू रात्रीतून मेलं. कोणी म्हणतं सरकी पेंड द्या, कोणी म्हणतं सोयाबीन, कोणी म्हणतं पेंडीऐवजी युरिया. नेमकी कोणती पेंड आणि किती? घरात गाईचं खनिज मिश्रण आणि कोंबड्यांचं खाद्य आहे, ते चालेल का? बोकडांपैकी चार खच्ची केलेले आहेत."

नमस्कार,

तुमच्या थेट प्रश्नाचं थेट उत्तर आधी देतो. या वयाला शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड चांगली. आणि ती तुम्ही देताय त्याच्या निम्मी द्या. हे वाचून चमकला असाल, कारण पत्र तुम्ही पेंड वाढवायच्या किंवा बदलायच्या विचाराने लिहिलंय. पण कागदावर हिशेब मांडला तर तुमच्या करडांना प्रथिनं कमी पडत नाहीत.

मांडूनच पाहू. बारा किलोचं करडू दिवसभरात, ओलावा सोडून मोजलं तर, साधारण ४५० ग्रॅम खातं. वाढत्या वयात या आहारात १४ ते १६ टक्के प्रथिनं असावीत, म्हणजे रोज निदान ६३ ग्रॅम. कडब्यात जेमतेम ४ टक्के असतात; ३०० ग्रॅम कडब्यातून १२ ग्रॅम आले. चांगल्या शेंगदाणा पेंडीत ४५ टक्के धरा, १०० ग्रॅममधून ४५. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम भरड्यातून साडेचार. बेरीज साडेएकसष्ट. गरजेच्या अगदी जवळ. तरीही कणा हाताला लागतोय, याचा अर्थ आत गेलेलं प्रथिन मांसात उतरत नाहीये. ते कुठे अडतं हा पहिला प्रश्न; पेंड कोणती हा त्यानंतरचा.

पण त्याच्याही आधी मेलेल्या करडाबद्दल, कारण ती गोष्ट उद्यावर टाकता येत नाही. शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे ठाम निदान आता कोणीच देऊ शकणार नाही. पण कळपातलं सगळ्यांत तगडं, कालपर्यंत धडधाकट पिल्लू खुराक सुरू केल्यानंतर एका रात्रीत जातं, हे वर्णन वाचल्यावर कुठल्याही पशुवैद्याच्या मनात आंत्रविषार येणारच. याचे जंतू बहुतेक निरोगी जनावरांच्या आतड्यातही थोड्या संख्येने असतात. पिल्लाने भरडा किंवा इतर भारी खुराक एकदम जास्त खाल्ला की न पचलेलं पीठ आतड्यात पुढे सरकतं, जंतू बेसुमार वाढतात आणि त्यांचं विष रक्तात जातं. तगडंच का मरतं? तुम्ही सगळ्यांना एकत्र टाकता म्हणून. सरासरी मूठभर असली तरी दांडगं करडू तीन-चार जणांचा वाटा चापतं आणि मागे राहिलेल्या कोकराच्या वाट्याला धूळ येते. तेव्हा आज भरडा बंद ठेवा, पेंड निम्म्यावर आणा आणि डॉक्टरांना बोलावून आंत्रविषाराची लस विचारा. पहिल्यांदा टोचताना एक मात्रा पुरत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी लागते. लोक नेमकी ती विसरतात. पुन्हा एखादं मेलं तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. उरलेल्या चौदांसाठी ती माहिती पंधरा पोती पेंडीपेक्षा मोलाची आहे.

डॉक्टर आलेच आहेत तर दोघांच्या पातळ लेंड्यांचा नमुना तपासायला द्या. पोट सुटलेलं, कणा वर आलेला, लेंडी पातळ, हे चित्र जंतांचंही असतं आणि या वयात कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचंही. दोन्हींचं औषध वेगळं आहे, म्हणून अंदाजाने पाजू नका. तोवर एक गोष्ट स्वतः करा: प्रत्येकाची खालची पापणी उलटून पाहा. आतली त्वचा लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी किंवा पांढरट असेल तर जठरातले रक्तपिपासू जंत बहुधा कामाला लागलेत. याच तपासणीसाठी दक्षिण आफ्रिकेत पाच रंगांचं 'फमाचा' कार्ड तयार झालं आणि आज ते बऱ्याच देशांत वापरतात. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज दिसली तर प्रकरण आणखी पुढे गेलंय असं समजा. हे जंत रक्त पितात, आणि रक्त म्हणजे प्रथिनंच. तुम्ही वरून ओतताय आणि खालून गळतंय. उलट बाजूही खरी आहे: प्रथिनं नीट मिळणारं पिल्लू जंतांना जास्त चांगलं तोंड देतं. म्हणून औषध आणि खुराक ही जोडी आहे. जाता जाता, शेळीचं शरीर बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. कोकराच्या मापाने करडाला पाजलं तर औषध कमी पडतं. मात्रा डॉक्टरांकडून प्रत्येकाची वेगळी लिहून घ्या.

आता प्रथिनाच्या अडण्याकडे. रवंथ करणाऱ्या जनावराला पेंड घातली की ती आधी त्याच्या कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, सूक्ष्मजीवांना मिळते. ते पेंडीतलं बरंचसं प्रथिन फोडून अमोनिया करतात आणि त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर बांधतात. पुढे हेच सूक्ष्मजीव आतड्यात पचतात आणि करडाला प्रथिन मिळतं. पण अमोनियाचं प्रथिन करायला त्यांना त्याच वेळी ऊर्जा लागते, म्हणजे धान्यातलं पीठ किंवा चांगला पचणारा चारा. तुमच्याकडे सकाळी पेंडीचा एकच मोठा लोट येतो. शेंगदाणा पेंड कोठीपोटात फार झपाट्याने फुटते, त्यात रात्रभर भिजवलेली. अमोनिया एकदम वर चढतो, जोडीला ऊर्जा मूठभर भरड्याची, आणि दिवसभराचा कडबा तर निम्मासुद्धा नीट पचत नाही. जास्तीचा अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. सकाळी गोठ्यात शिरताना डोळ्यांना झोंबणारा वास येतो का, पाहा. येत असेल तर पेंडीचा खर्च तिथे जमिनीवर पडलेला आहे.

म्हणून बदल पेंडीच्या जातीत कमी आणि तिच्या आजूबाजूला जास्त करायचा. खुराकाचं मिश्रण असं ठेवा: १०० किलोत मक्याचा जाडसर भरडा ५०, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड २५, गव्हाचा कोंडा २२, चुनखडीची पूड १, खनिज मिश्रण १, मीठ १. यात प्रथिनं १९ टक्क्यांच्या आसपास येतात. बारा किलोच्या करडाला याचे दिवसाला २०० ग्रॅम, म्हणजे पेंड फक्त ५० ग्रॅम. सोबत पानांचा चारा: लसूणघास, शेवगा, सुबाभूळ, जे मिळेल ते, ओलं ४०० ग्रॅम म्हणजे वाळून साधारण १०० ग्रॅम. उरलेली भूक कडब्याने भागेल. पुन्हा बेरीज करा: खुराकातून ३८, पाल्यातून २०, दीडशे ग्रॅम कडब्यातून ६, एकूण ६४ ग्रॅम. पेंड निम्मी झाली आणि प्रथिन होतं तेवढंच राहिलं. पण खाल्लेल्यातला पचणारा भाग निम्म्याहून थोडा जास्त होता तो आता दोन-तृतीयांशाच्या जवळ गेला, आणि फरक पडतो तो याने. पाला नसेल तर तूर-हरभऱ्याचं भुसकट किंवा भुईमुगाचा वाळका वेलही कडब्यापेक्षा दुपटीने बरा. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्याने केस झडतात, गळ्याची ग्रंथी सुजते. लसूणघास कापून थोडी सुकवून द्या, पोटफुगी टळते.

हे सगळं एका दिवसात बदलू नका. जंताचा निकाल लागल्यावर डोक्यामागे ५० ग्रॅम मिश्रणापासून सुरुवात करा, दर दोन-तीन दिवसांनी २५ ग्रॅम वाढवा, दोन-अडीच आठवड्यांत २०० वर या. कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांची वस्ती नव्या खाद्याला सरावायला तेवढा वेळ घेते. दिवसाचा वाटा सकाळ-संध्याकाळ असा दोन भागांत. आधी थोडा चारा खाऊ द्या, मग खुराक. गव्हाण लांब हवी, सगळी तोंडं एका वेळी बसतील अशी. जागा नसेल तर दांडगी एकीकडे आणि मागे पडलेली दुसरीकडे अशा दोन पंगती करा. लेंडी पातळ झाली की दोन दिवस मागच्या मापावर या. आणि ते रात्रभर भिजवणं सोडून द्या. उष्ण हवेत भिजलेली पेंड सकाळपर्यंत आंबते. धूळ उडू नये एवढाच हेतू असेल तर देण्याआधी पाण्याचा हबका पुरतो.

पेंडींबद्दल एवढे सल्ले मिळालेत तर थोडं खोलात जाऊ. सोयाबीन पेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात आणि ती शेंगदाण्यापेक्षा जरा सावकाश फुटते, म्हणून दोन्ही सारख्याच मिळत असतील तर मी सोयाबीन निवडेन. अट एकच, ती कारखान्यात भाजून निघालेली असावी. कच्चं सोयाबीन भरडून पेंडीऐवजी घालू नका. सरकी पेंड दोन प्रकारची: टरफल काढलेली ३६ ते ४० टक्क्यांची आणि टरफलासकट २० ते २५ टक्क्यांची. दुसरीत तुम्ही बऱ्यापैकी टरफलाचे पैसे मोजता. शिवाय सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. पूर्ण वाढलेल्या जनावराचं कोठीपोट ते बऱ्याच अंशी बांधून निकामी करतं. कोवळ्या पिल्लाला ते जमत नाही आणि हृदयावर परिणाम होतो. दूध पिणाऱ्या पिल्लांना सरकी पेंड अजिबात नको. तुमच्या वयाच्या पिल्लांना एकूण पेंडीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत चालेल, त्याहून पुढे मी जाणार नाही. शेजाऱ्यांचा अनुभव दुभत्या जनावरांचा असेल तर तो त्यांच्यापुरता बरोबरच आहे. मोहरीची पेंड कडू असते आणि जास्त दिली तर थायरॉइडवर ताण येतो. थोडी मिसळायला हरकत नाही. तीळ, सूर्यफूल, खोबरं यांच्या पेंडी जवळपास असतील आणि ताज्या असतील तर निर्धास्त वापरा, फक्त प्रथिनाचा आकडा पाहून माप बदला. खतासाठी म्हणून विकली जाणारी पेंड, विशेषतः एरंडीची, गोठ्याच्या आसपास ठेवूसुद्धा नका. एरंडीतल्या रायसिनची थोडी मात्राही जीव घेते.

स्वस्त-महाग ठरवताना पोत्याचा भाव बघू नका, प्रथिनाचा भाव काढा. ५० किलोच्या पोत्यात २२ टक्के असतील तर आत ११ किलो प्रथिन आहे, ४५ टक्के असतील तर साडेबावीस. पहिलं पोतं दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळत नसेल तर ते स्वस्त नाही. आणि पोत्यावरचा आकडाही आंधळेपणाने घेऊ नका. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे कोणी पेंडीत युरिया मिसळला तर आकडा फुगतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे या हिशेबाने तो २८७ टक्के 'प्रथिनाचा' ठरतो!

यावरून तुमचा युरियाचा प्रश्न. मोठ्या जनावरांसाठी कडब्यावर चार टक्के युरियाची प्रक्रिया करून तीन आठवडे हवाबंद ठेवतात, ती पद्धत चांगली आहे. पण चार महिन्यांच्या पिल्लांच्या खुराकात हाताने युरिया मिसळणं, नको. मिश्रण थोडं असमान झालं, कोणाच्या तोंडी एक गठ्ठा गेला की अमोनियाची विषबाधा होते आणि अर्ध्या-एक तासात पिल्लू तडफडून जातं. कच्च्या सोयाबीनसोबत तर धोका दुप्पट, कारण त्यात युरिया फोडणारं विकर असतं.

पेंड विकत घेताना नाक वापरा. कुबट वास, गुठळ्या, हिरवट-पिवळट झाक दिसली तर पोतं परत. शेंगदाणा आणि सरकीच्या पेंडीवर बुरशी चटकन बसते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं. बुरशी झटकली तरी विष राहतं, उकळूनही जात नाही. करडं एकदम मरत नाहीत, नुसती खुरटतात, भूक मंदावते, आणि मालक पेंड आणखी वाढवतो. तुमच्या पेंडीचा एक ढेकूळ फोडून आतून पाहाच. साठवण जमिनीपासून वर फळीवर, भिंतीला न चिकटवता, महिनाभर पुरेल एवढीच.

गाईचं खनिज मिश्रण करडांना एक वेळ चालेल, कोकरांना नाही. त्यात तांबं असतं, आणि मेंढीचं यकृत तांबं साठवत जातं पण बाहेर टाकायला फार कमी पडतं. युरोपीय संघाने मेंढ्यांच्या आहारात किलोमागे १५ मिलिग्रॅम तांब्याची कमाल मर्यादा घातलीय ती याचसाठी. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, मग एक दिवस डोळे पिवळे, लघवी गडद तांबडी आणि दोन-तीन दिवसांत कारभार आटोपतो. मेंढ्यांसाठीचं, तांबं न घातलेलं मिश्रण आणा. करडं आणि कोकरं एकाच गव्हाणीत खात असतील तर सगळ्यांनाच तेच द्या. कोंबड्यांचं खाद्यही याच कारणाने नको. शिवाय ते फार बारीक दळलेलं असतं, आणि त्यात कोंबड्यांसाठीची औषधं किंवा मांस-हाडांचा चुरा असू शकतो. ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंमध्ये 'मॅड काऊ' रोग ओळखला गेला, त्याचं मूळ असल्याच खाद्यात निघालं, आणि १९८८ पासून तिथे रवंथ करणाऱ्यांच्या खाद्यात रवंथ करणाऱ्याच जनावरांपासून काढलेल्या प्रथिनांवर बंदी आली. पुढे अनेक देशांनी तेच केलं.

खच्ची केलेल्या चार बोकडांसाठी एक जादा सूचना. पेंडी आणि कोंडा यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. त्यातून मूतखडा होतो, आणि लहानपणी खच्ची केलेल्याची मूत्रनलिका अरुंद राहिल्यामुळे तो तिथेच अडकतो. वरच्या मिश्रणात चुनखडी आहे ती यासाठी; एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं. मिठाने पाणी जास्त पितात, तेही हवंच. पाणी दिवसभर पुढ्यात आणि स्वच्छ ठेवा. बोकड शेपूट हलवत कुंथताना दिसला आणि लघवी थेंब थेंब येत असेल तर बद्धकोष्ठ समजून घरचे उपाय करत बसू नका, तासाभरात डॉक्टर गाठा.

दर पंधरा दिवसांनी सकाळी, खुराकाआधी, वजन करा आणि वहीत लिहा. रोज १०० ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली, म्हणजे पंधरवड्याला दीड किलो, तर गाडी रुळावर आहे. ७० च्या खाली राहिली तर आधी पापणी आणि लेंडी पुन्हा बघा, मग खुराक ५० ग्रॅमने वाढवा. वाढ जशी मांसाकडून चरबीकडे झुकते तशी प्रथिनाची गरज उतरते. पिल्लू पंचवीस किलोच्या पुढे गेलं की १२ टक्क्यांचा आहार पुरतो. मिश्रणातली पेंड पंधरा टक्क्यांवर आणा आणि वाचलेल्या दहा टक्क्यांच्या जागी भरडा घाला.

पुढच्या वेताला मात्र दूध तुटण्याची वाट पाहू नका. माद्यांना विण्याआधी महिना-दीड महिना आंत्रविषाराची लस टोचून घ्या, म्हणजे चिकातून पिल्लांना संरक्षण मिळतं. आणि पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की गोठ्याच्या एका कोपऱ्यात त्यांनाच शिरता येईल एवढ्या फटीचं कुंपण करून आत हेच मिश्रण चिमूट-चिमूट ठेवा, सोबत कोवळा पाला. त्या वयात सरकीचा कणही नको. रोजचं उरलेलं संध्याकाळी काढून आईंच्या गव्हाणीत टाका आणि सकाळी ताजं भरा.